शपथ आधी की सभागृह आधी?

२०१७ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातील बहुतेक वृत्तपत्रांनी एक बातमी मोठ्या अभिमानाने छापली होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड नावाचे गाव आहे. त्या गावाचे मूळ असलेल्या डॉ. अशोक वराडकर यांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला होता. वडील महाराष्ट्रातील डॉक्टर, आई आयर्लंडमधील परिचारिका, मुलगा डब्लिनमध्ये जन्मलेला, आईच्या कॅथलिक धर्मात वाढलेला आणि व्यवसायाने पुन्हा डॉक्टरच. आम्हां ख्रिस्ती वाचकांना तर दुहेरी आनंद झाला होता. ‘आपला’ या शब्दात भाषा आणि धर्म दोन्ही बसत होते. २०१९ च्या डिसेंबर अखेरीस तो कुटुंबासह वराडला येऊन गेला, तेव्हा पुन्हा एकदा हारतुऱ्यांची छायाचित्रे आली.

त्या आनंदाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. हा ‘आपला’ मुलगा त्या पदावर कसा पोहोचला, त्याने ते पद कसे सोडले, पुन्हा कसे मिळवले, आणि शेवटी कसे टाकून दिले, हे विचारण्याची तसदी आपल्यापैकी फारच थोड्यांनी घेतली. आणि तो वराडच्या घरी पाहुणचार घेत होता, त्याच सुमारास आपल्या राज्यात सरकार बनवण्याच्या नावाखाली जे काही होऊन गेले होते, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहण्याचे धैर्य तर कुणीच दाखवले नाही. ते आज आम्ही येथे, नळदुर्गात बसून, करू इच्छितो.

नळदुर्गातच का, असे कुणी विचारील. याचे कारण, सरकार म्हणजे काय आणि ते कोण बनवते, हा प्रश्न या गावाने फार जवळून भोगला आहे. १८५३ साली निजामाने एका तहान्वये हा मुलूख इंग्रजांच्या कंपनीला देऊन टाकला. मेडोज टेलर नावाचा अधिकारी येथे कारभारी म्हणून आला. (हाच टेलर निवृत्तीनंतर डब्लिनजवळ राहावयास गेला, नळदुर्ग आणि आयर्लंड यांचा हा जुना, विस्मृतीत गेलेला धागा.) १८६० साली दुसऱ्या तहाने हाच मुलूख निजामाला परत करण्यात आला. एकदा दिला, एकदा घेतला. बोरी नदीच्या काठच्या एकाही शेतकऱ्याला कुणी विचारले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य आले, ते प्रथम नळदुर्गाशीच भिडले, आणि चार दिवसांत निजामी राजवट संपली. म्हणजे तहाने आलेले सरकार आम्ही पाहिले, तोफेने गेलेले सरकार पाहिले. मताने आलेले सरकार या गावाला प्रथम १९५२ साली मिळाले. ज्यांच्या आज्यापणज्यांना कुणी कधी विचारले नाही, त्यांना मताची किंमत पुस्तकातून शिकवावी लागत नाही. म्हणूनच ते मत दिल्यानंतर त्याचे काय केले जाते, याची चीड आम्हांस येते.

२०१९ ची गोष्ट आठवा. २४ ऑक्टोबरला निकाल लागले. २८८ पैकी भारतीय जनता पक्ष १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी काँग्रेस ५४, काँग्रेस ४४. एकत्र लढलेल्या पहिल्या दोन पक्षांना स्पष्ट बहुमत होते. तरीही सरकार झाले नाही. कशामुळे? मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घेण्याचे वचन दिले होते, असे एक पक्ष म्हणत होता. असे वचन दिलेच नव्हते, असे दुसरा. म्हणे एका बंद खोलीत बोलणे झाले होते. बारा कोटी लोकांच्या राज्याचे नेतृत्व कुणी किती काळ करावे, याचा निर्णय एका खोलीत झाला की झाला नाही, यावर महिनाभर वाद चालला, आणि कुणाजवळही कागदाचा एक चिटोरा नव्हता. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या झाल्या तरी भाऊबंद चार माणसे बसवून लिहून घेतात.

तो महिना कसला होता हेही विसरू नये. परतीच्या पावसाने मराठवाड्यातील काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजून कोंभ धरत होते. बांधावर जाऊन पाहणाऱ्या पुढाऱ्यांची रीघ लागली होती, पण निर्णय घेणारे मंत्रिमंडळ नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत शेवटी राज्यपालांनी जाहीर केली. मग २३ नोव्हेंबरची ती पहाट. ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, आणि लोक सकाळचा चहा घेत होते तोवर राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झालेही. कुणाच्या पाठिंब्यावर, हे सभागृहाला ठाऊक नव्हते. ज्यांच्या सह्या दाखवल्या गेल्या त्यांतील काहींनाही ते ठाऊक नव्हते, असे त्यांनीच नंतर सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला उघड मतदानाने बहुमत सिद्ध करण्याचा आदेश देताच ते सरकार त्याच दिवशी कोसळले. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. मधल्या काळात अनेक आमदार हॉटेलांत होते. कोणत्याही एका पक्षाला झोडपण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही, हे वाचकांच्या ध्यानात यावे.

आता तिकडे पाहू. ८ फेब्रुवारी २०२० रोजी आयर्लंडमध्ये निवडणूक झाली. ‘डॉल’ या त्यांच्या लोकसभेत तेव्हा १६० जागा होत्या. फिअना फॉल ३८, शिन फेन ३७, वराडकरांचा फिने गेल ३५, हरित पक्ष १२. आपल्यापेक्षाही विस्कटलेला कौल. २० फेब्रुवारीला सभागृह भरले आणि चार नावे पंतप्रधानपदासाठी एकापाठोपाठ एक मताला टाकली गेली. शिन फेनच्या मेरी लू मॅक्डोनल्ड यांना ४५ मते, मिहॉल मार्टिन यांना ४१, वराडकरांना ३६, हरित पक्षाच्या एमन रायन यांना १२. एकालाही बहुमत नाही. त्याच रात्री वराडकरांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे काळजीवाहू म्हणून कारभार पाहत राहिले. पुढच्याच महिन्यात कोरोनाची साथ आली. या काळजीवाहू पंतप्रधानाने डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवून आठवड्यातून एक पाळी आरोग्यसेवेसाठी दिली.

मग जे झाले ते नीट वाचावे. फिअना फॉल आणि फिने गेल हे दोन पक्ष १९२२-२३ च्या यादवी युद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या दोन बाजूंचे वारस. जवळपास शंभर वर्षे एकाने सरकार चालवायचे आणि दुसऱ्याने विरोध करायचा, हा त्यांचा शिरस्ता. ते प्रथमच एकत्र आले. आपल्याकडे ‘अनैसर्गिक युती’ म्हणून जे ओरडतात त्यांनी ही नोंद घ्यावी: कालच्या विरोधकाशी हातमिळवणी करणे हे पाप नव्हे, लोकांनी विस्कटलेला कौल दिला तर ते कर्तव्यही ठरू शकते. पण ती हातमिळवणी कशी झाली? कार्यक्रम लिहिला गेला, छापला गेला. मार्टिन प्रथम पंतप्रधान होतील आणि डिसेंबर २०२२ मध्ये वराडकर, हे जाहीर झाले. मग तो मसुदा तिन्ही पक्षांत मताला ठेवण्यात आला. फिने गेलमध्ये ८० टक्के, हरित पक्षात ७६ टक्के आणि फिअना फॉलमध्ये ७४ टक्के अनुकूल मते पडली. त्यानंतरच, २७ जून २०२० रोजी, डॉलने ९३ विरुद्ध ६३ मतांनी मार्टिन यांची निवड केली, आणि मग राष्ट्राध्यक्षांनी त्यांची नेमणूक केली. साथीमुळे ते मतदान नेहमीच्या इमारतीऐवजी डब्लिनच्या परिषद केंद्रात घ्यावे लागले, एवढाच काय तो वेगळेपणा.

१७ डिसेंबर २०२२ रोजी मार्टिन उतरले आणि वराडकर चढले. ठरलेली तारीख दोन दिवस पुढे गेली होती, कारण मार्टिन यांना युरोपीय परिषदेला जायचे होते. दोन दिवस! आमच्या शेजारच्या कर्नाटकात २००६ साली असाच वीस-वीस महिन्यांचा करार झाला होता. कुमारस्वामींनी आपले वीस महिने उपभोगले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये खुर्ची सोडण्याची वेळ आली तेव्हा सोडली नाही. तोंडी वचनाचे आणि हिशेबी मनाचे राजकारण असेच असते. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र २००२ साली ठरल्याप्रमाणे तीन वर्षांनी, २००५ मध्ये, मुफ्ती महंमद सईद यांनी गुलाम नबी आझाद यांना जागा करून दिली. म्हणजे आपल्या मातीत हे होतच नाही असे नव्हे.

आता कुणी म्हणेल, आयर्लंडमध्ये सरकार बनायला १४० दिवस लागले, आपल्याकडे ३५ दिवसांतच झाले की! हा युक्तिवाद आम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे. १४० दिवसांत कारभार थांबला नव्हता, कारण नवा येईपर्यंत जुन्याने काम करायचे, हे त्यांच्या घटनेने सांगून ठेवले आहे. आणि आपले ३५ दिवसांत बनलेले सरकार किती टिकले? ३१ महिने. घाईने लावलेल्या भिंतीला ओलही घाईनेच येते.

३१ महिन्यांनी काय झाले, ते आमच्या जिल्ह्याने तर अगदी अंगावर झेलले. २०१९ साली धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद), उमरगा आणि परंडा या तिन्ही मतदारसंघांनी शिवसेनेचे आमदार निवडून दिले होते. आमच्या तुळजापूरने भारतीय जनता पक्षाचा. २० जून २०२२ च्या रात्री विधान परिषदेचे मतदान आटोपून गाड्यांचा ताफा गुजरातकडे निघाला. उमरग्याचे आणि परंड्याचे आमदार शिंदे गटात गेले. धाराशिवचे कैलास पाटील, त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितल्याप्रमाणे, सीमेजवळ गाडीतून उतरले, पावसात अंधारात पायी चालले, कुणाच्या मोटारसायकलवर बसले, मग मालमोटारीतून मुंबईला परतले. त्यांची बाजू बरोबर की गेलेल्यांची, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. लाखो मतदारांचा प्रतिनिधी आपल्या मताचे स्वातंत्र्य राखण्यासाठी रस्त्यात मालमोटारीला हात करतो, हे चित्र कोणत्या लोकशाहीचे आहे? सुरतेहून मंडळी गुवाहाटीला गेली. आसाम त्या दिवसांत पुरात बुडालेला होता. आमच्या शेजारच्या सांगोल्याच्या आमदारांना तेथे झाडी, डोंगर आणि ‘हाटील’ दिसले. त्यांच्या त्या वाक्यावर सारा महाराष्ट्र हसला. पेरणीचे दिवस होते. आम्हांस हसू आले नाही.

२९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांनी शपथ घेतली, आणि ४ जुलैला सभागृहाने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास दाखवला. आधी शपथ, मग सभागृह. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली तीच चुकीची होती; परंतु ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्याने आता मागचे काही परत आणता येत नाही. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचीही तीच गत झाली. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. मतदाराला आपले म्हणणे मांडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा त्याने धाराशिवच्या आमदारांना परत पाठवले, परंड्याच्याही, आणि उमरग्याच्यांना घरी बसवले. मतदार मूर्ख नाही, आणि एका साच्यातलाही नाही.

येथे पक्षांतरबंदीचा विषय येतो. आपल्याकडे १९८५ पासून कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक केला. आयर्लंडमध्ये असा कायदाच नाही. तेथे पक्षादेश मोडणाऱ्याला पक्ष बाहेर काढतो, पण जागा त्याचीच राहते. मग तेथे रोज पक्ष फुटत असले पाहिजेत! प्रत्यक्षात काय होते, याचे एक उदाहरण आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. २०१३ च्या जुलै महिन्यात गर्भपातासंबंधीच्या विधेयकावर फिने गेलच्या राज्यमंत्री लुसिंडा क्रायटन यांनी आपल्या विवेकाला स्मरून सरकारविरुद्ध मत दिले. उघड, सभागृहात, नाव घेऊन. मंत्रिपद गेले, पक्ष गेला. २०१६ च्या निवडणुकीत जागाही गेली. त्यांनी कुठल्या हॉटेलात मुक्काम केला नाही, कुठले महामंडळ मागितले नाही. आपल्याकडे ‘विवेक’ हा शब्द घेऊन जे रात्री बाहेर पडले ते सकाळी मंत्री झाले. विवेकाची परीक्षा फार सोपी आहे: तो पाळताना हातातले काही गेले की हातात काही आले, एवढेच पाहावे.

आमच्यातील काहींना आयर्लंडचे नावच आता रुचत नाही. एके काळी जगभर धर्मगुरू आणि धर्मभगिनी पाठवणारा तो देश. २०१८ च्या सार्वमताने तेथे गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठली, आणि वराडकर स्वतः त्या बदलाच्या बाजूने उभे होते. अशा देशाकडून काय शिकायचे, असे एका वडीलधाऱ्या वाचकांनी आम्हांस विचारले. त्यांचे दुःख आम्ही समजतो. पण सरकारने काय केले हा एक प्रश्न आणि सरकार कसे बनले हा दुसरा. शिवाय तोच इतिहास पूर्ण वाचावा. मार्च २०२४ मध्ये वराडकर सरकारने कुटुंब आणि संगोपन या विषयांवर दोन घटनादुरुस्त्या लोकांपुढे ठेवल्या. लोकांनी दोन्ही मोठ्या फरकाने फेटाळल्या. बारा दिवसांनी वराडकरांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. ९ एप्रिलला सायमन हॅरिस यांना डॉलने ८८ विरुद्ध ६९ मतांनी निवडले. ना कुठे ताफा, ना कुठे हॉटेल.

आणि १९९४ ची गोष्ट तर आपण ख्रिस्ती लोकांनी विसरूच नये. मुलांवर अत्याचार करणाऱ्या ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूला उत्तर आयर्लंडच्या हवाली करण्याचे प्रकरण सरकारच्या कायदा सल्लागाराच्या कचेरीत कित्येक महिने पडून राहिले होते. ते बाहेर आले, मजूर पक्षाने पाठिंबा काढला आणि अल्बर्ट रेनॉल्ड्स यांना नोव्हेंबरात राजीनामा द्यावा लागला. महिन्याभरात त्याच सभागृहाने, नवी निवडणूक न घेता, जॉन ब्रुटन यांना निवडले. सरकार मधेच बदलणे म्हणजे फाटाफूट आणि पळवापळवीच, असे समजणाऱ्यांना हे उत्तर आहे. ज्या सभागृहात प्रश्न उघड विचारला जातो, तेथे लेकरांचे रडणेही अखेर ऐकू येते, मग ते झाकणारा कितीही मोठ्या झग्यातला असो.

आयर्लंड म्हणजे पुण्यभूमी, असे मात्र कुणी समजू नये. चार्ल्स हॉही यांच्या काळात पत्रकारांचे दूरध्वनी चोरून ऐकले गेले. स्वतः वराडकर २०१७ साली पक्षनेते झाले ते पक्षाच्या सामान्य सदस्यांच्या पसंतीने नव्हे. सदस्यांची सुमारे ६५ टक्के मते त्यांचे प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना होती. नेतानिवडीत संसद सदस्यांच्या मतांना ६५ टक्के वजन असल्याने वराडकर जिंकले. ही पद्धत आम्हांस पटत नाही. पण हे आकडे आम्हांस नळदुर्गात बसून सांगता येतात, कारण ते जाहीर झाले. आपल्या किती पक्षांनी नेता निवडताना किती मते कुणाला पडली, हे सांगितले? ‘सर्वाधिकार श्रेष्ठींना’ हा एक ओळीचा ठराव, आणि मग दिल्लीहून येणारा निरीक्षक, एवढेच आपल्या माहितीचे.

मूळ दुखणे कुठे आहे? आपल्या राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात. सभागृहाचा विश्वास मागाहून पाहायचा. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत सभागृह आधी नाव ठरवते आणि राष्ट्राध्यक्ष तेच नाव नेमतात. त्या एका क्रमामुळे पहाटेची शपथ तेथे शक्यच नाही. आपल्या घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ साली डब्लिनला जाऊन डी व्हॅलेरा यांना भेटून आले होते. राज्यधोरणाची निदेशक तत्त्वे आपण आयर्लंडकडूनच घेतली. तेथून एवढे आणले, आणि हा साधा क्रम आणायचा राहून गेला.

तो आणण्यासाठी राज्यघटना उलथवण्याची गरज नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात दोन मुख्यमंत्री एकाच वेळी हक्क सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने सभागृहातच दोघांत मतदान घ्यायला लावले, कल्याण सिंह यांना २२५ आणि जगदंबिका पाल यांना १९६ मते पडली, वाद मिटला. आयर्लंडच्या कित्येक पट मोठ्या राज्यात हे जमले. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानेही २००२ साली सुचवले होते की कुणालाच स्पष्ट बहुमत नसेल तर सभागृहानेच अध्यक्षाबरोबर आपला नेताही निवडावा. तो अहवाल धूळ खात पडला आहे, कारण तो उघडण्यात कुणाचाच लाभ नाही. आज सत्तेत असलेल्याला उद्या राजभवन हवे असते, आणि विरोधात असलेल्याला परवा.

विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ साली यायची आहे. सर्व पक्षांचे उमेदवार तुळजापूरला देवीचे दर्शन घेऊन नळदुर्गाच्या बाजारात येतील, आणि काही आमच्या प्रार्थनामंदिराच्या दारातही हात जोडून उभे राहतील. कब्रस्तानाची भिंत, समाजमंदिर, रस्ता, बोरीचे पाणी, या मागण्या आपण दरवेळी करतो, याही वेळी कराव्या. त्यांच्या जोडीला तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असे आम्ही आमच्या वाचकांना सुचवतो: निवडून आल्यावर मुख्यमंत्रिपदासाठी आपण कुणाला मत देणार, ते मत बदलावे लागले तर सभागृहात उभे राहून बदलणार की रात्री गाडीत बसून, आणि सभागृहानेच आधी नेता निवडावा, असा ठराव विधानसभेत मांडणार की नाही. सहीसह. जो सही करणार नाही त्याचे नावही आम्ही याच पानावर छापू, आणि जो करील त्याचेही.